उधाण पाहून मगच घरी जाणाऱ्या बाई

प्रा. सुमती कोठेकर यांच्याशी माझी ओळख एका वादातून झाली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. या गौरवग्रंथात बाईंचे विद्यार्थी लिहितील, पेणच्या महाविद्यालयातले त्यांचे सहकारी लिहितील. मी त्यांपैकी कोणी नाही. राज्यशास्त्र मी कधी शिकले नाही. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा अभियंता आहे. गळती किंवा आग होऊ नये म्हणून काय करायचे आणि झालीच तर कोणी कुठे उभे राहायचे, हे ठरवणे माझे काम. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी विचारले, की मंडळात नेहमी बाईंच्या विरुद्ध हात वर करणाऱ्या सभासदाने गौरवलेख लिहिलेला चालेल का. त्यांनी ते बाईंनाच विचारले. बाई म्हणाल्या, "तिचा लेख आल्याशिवाय ग्रंथ छापायला देऊ नका."

तेव्हा जे स्वतः पाहिले आणि ऐकले, तेवढेच लिहिते.

निवृत्तीनंतर बाईंनी पेण-रोहा अभ्यासमंडळ सुरू केले. महिन्यातला एक रविवार. एकदा पेणला, एकदा रोह्याला. शिक्षक, बँकेतले निवृत्त लोक, एक-दोन वकील, खाडीपट्ट्यातले शेतकरी आणि कारखान्यांतले आम्ही काही जण असे सभासद. माझी नोकरी तेव्हा नवी होती. साप्ताहिक सुट्टी रविवारी आली होती आणि खोलीवरचा पंखा बंद पडला होता, म्हणून मी रोह्याच्या सभेला जाऊन बसले. फळ्यावर विषय लिहिला होता: दुसऱ्या देशात निरपराध माणसे मारली जात असतील, तर सैन्य पाठवून त्यांना वाचवण्यात मध्यम बळाच्या देशांनी पुढाकार घ्यावा का?

बाई बोलायला उभ्या राहिल्या. उंची बेताची, आवाज खणखणीत, हातात कागद नाही. त्यांचे म्हणणे असे होते. महासत्ता जिथे फायदा असेल तिथेच जातात आणि गेल्या की लवकर निघत नाहीत. लहान देशांना जाणे झेपत नाही. उरतात ते मधले देश, आपल्यासारखे. त्यांच्याकडे शिस्तीचे सैन्य आहे, डॉक्टर आहेत, आणि परक्याच्या राज्यात राहणे म्हणजे काय याची आठवण अजून घरोघरी आहे. दुसऱ्याच्या भूमीवर कायमचे ठाण मांडायला लागते तेवढे बळ मात्र त्यांच्याकडे नाही. "लोक याला कमीपणा म्हणतात, मी पात्रता म्हणते," बाई म्हणाल्या. "ज्याला मालक होता येणार नाही, त्याला घरात घ्यायला माणसं कमी घाबरतात."

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. मी सांगितले, की आमच्या कामात एक नियम आहे. पुरेशी साधने आणि बाहेर पडायची ठरलेली वाट नसेल, तर बचाव पथक आत पाठवायचे नाही. अर्धवट तयारीचे पथक आत गेले, की वाचवायच्या माणसांत त्याचीच भर पडते. मग मधल्या देशांकडे ही वाट कोणती आहे? अडकलेल्या तुकडीला उचलून आणायला त्यांनाही मोठ्या देशाचीच विमाने मागावी लागणार असतील, तर तो पुढाकार त्यांचा कसा?

बाईंनी माझे नाव विचारले, गाव विचारले.

"हमरापूर," मी म्हणाले.

"गणपतीवाल्यांची?"

"हो. आमच्या घरी रंगकाम असतं."

"म्हणजे मूर्तीचे डोळे आखायला बसणारी. तरीच हात स्थिर आहे." मग त्या म्हणाल्या, "तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पेणला ये. मिळालं तर सांगीन, नाही मिळालं तर तसं सांगीन."

पेणच्या सभेत बाईंनी पहिलेच वाक्य उच्चारले ते असे: "रोह्यात एका मुलीने मला प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही." आयुष्यभर जे मत मांडले, त्यातले भगदाड स्वतःच्या तोंडाने, स्वतः उभारलेल्या व्यासपीठावरून दाखवणारे कोणी मी तोवर पाहिले नव्हते. कारखान्यात अशी त्रुटी मान्य करून घ्यायला मला अनेक बैठका लागतात. त्या दिवसापासून मी मंडळाची सभासद झाले.

मंडळात मत देण्याची बाईंनी घालून दिलेली पद्धत इथे नोंदवणे गरजेचे आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आमच्याकडे नुसता हात वर केलेला धरत नाहीत. सैन्य पाठवावे असे ज्याला वाटते, त्याने उभे राहून आपल्या घरातले कोण जाईल ते नाव सांगायचे. पाठवू नये असे ज्याला वाटते, त्याने जीव वाचवायला दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आपण काय सांगू, ते बोलून दाखवायचे. दोन्ही प्रश्न अवघड आहेत. तावातावाने भाषण करून मताच्या वेळी खाली बसलेले वक्ते मी पाहिले आहेत. बाई त्यांना हसत नाहीत. "बसले म्हणजे विचार करतायत," एवढेच म्हणतात.

स्वतः बाई पहिल्या प्रश्नावर नेहमी स्वतःचेच नाव सांगत. "मी जाईन. एवढ्या फौजेला भाकऱ्या भाजायला कोणीतरी लागेलच."

यावर खांब गावचे महादूकाका न चुकता उत्तर देत. महादूकाका एसटीचे निवृत्त चालक. मंडळातले सर्वांत जुने सभासद आणि सर्वांत जुने विरोधक. "बाई, तुमच्या भाकऱ्या मी खाल्ल्यान. शत्रू तसाच पळंल, फौज कशाला पायजे?" आणि लोक हसले, की पुढे म्हणत, "माझ्या दारासमोरचा हायवे अजून पुरा व्हत नाय. आन् आपण निंघालो दुसऱ्याच्या मुलखात रस्ता दाखवायला."

"तुम्ही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्या, काका. दारात माणूस उभा आहे."

"पाणी दीन. बस म्हनीन. आन् पोलिसाला फोन करीन."

"आणि पोलीसच त्याच्या मागे लागले असतील तर?"

महादूकाका डोके खाजवत आणि खाली बसत. माझी गत वेगळी नव्हती. मी दर वेळी औषध, अन्न, निवारा अशी उत्तरे देत असे आणि बाई दर वेळी विचारत, "हे सगळं पोचेपर्यंत तो जिवंत राहील याची खात्री कोण देतं?" खात्री हा शब्द मी कामात जपून वापरते. त्यामुळे मीही खाली बसत असे.

एकदा बाईंनी आमच्या कारखान्यातली आगीची रंगीत तालीम पाहायची इच्छा व्यक्त केली. वसाहतीतल्या कारखान्यांचा परस्पर मदतीचा करार असतो. एकाकडे आग लागली, की इतरांनी पथके पाठवायची. तालमीत आग शेजारच्या कारखान्यात लागली असे धरले होते आणि आमचे पथक त्यांच्या फाटकाशी थांबले होते. सगळी साधने घेऊन, बंबाचे इंजिन चालू ठेवून, ते नुसते उभे होते.

बाईंनी विचारले, "आत का जात नाहीत?"

मी सांगितले, की आत जायला त्या कारखान्याचा माणूस लागतो. कुठली वाहिनी कशाची, कुठला व्हॉल्व्ह बंद केला तर काय फुगेल, हे त्यालाच माहीत असते. आम्ही त्याला गाइड म्हणतो. गाइड नाही तर प्रवेश नाही. पाणी मारून आग विझवायला गेलेल्यांनीच मोठा स्फोट घडवला, असे होऊ शकते.

बाईंची नजर त्या थांबलेल्या बंबावरच होती. मग म्हणाल्या, "आम्हाला एक वाटाड्या मिळाला असता तर आमच्या गावावरचं बोलणं टळलं असतं." कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यांनी ती हकीकत सांगितली. मंडळातल्या फारच थोड्यांना ती ठाऊक होती.

बाईंचे माहेर पेणच्या खाडीपट्ट्यातले. वडील भात पिकवत आणि मोसमात मिठागरावर जात. तिथली शेते खाडीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. मातीचा बांध आहे म्हणून शेत आहे. आतले पाणी ओहोटीला बाहेर जावे आणि भरतीचे आत येऊ नये म्हणून बांधात लाकडी झडपांचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. बांध फुटला, तर त्या फुटलेल्या जागेला खांड. दुसऱ्या गावाच्या बांधाला बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही, असा तिकडचा रिवाज.

बाई लहान असताना एका उधाणात पलीकडच्या गावाच्या बांधाला खांड पडली. बाईंच्या गावचे पुरुष टोपल्या आणि फावडी घेऊन आपल्या हद्दीवर जाऊन उभे राहिले. बोलावणे येईना. पलीकडच्या गावात दोन तट होते. मदत मागायची तर मान कोणाचा, यावर त्यांचे एकमत होत नव्हते. पाणी शेतात शिरत होते. शेवटी तिकडून एक बाई कडेवर मूल घेऊन बांधावरून चालत आली. ती ना पंचांपैकी होती, ना कुठल्या तटाची. ती एवढेच म्हणाली, "येताव का नुसतं बघताव?"

बाईंच्या वडिलांनी पहिली टोपली उचलली आणि सगळे गेले. कंबरभर पाण्यात उभे राहून त्यांनी ओहोटी संपायच्या आत खांड बुजवली. आत अजून बरेच खारे पाणी होते. पण ते उघाडीतून जाईल, असे त्यांनी धरले, कारण त्यांच्या स्वतःच्या गावात ते तसेच जात असे. काम झाले म्हणून सगळे आनंदाने घरी गेले. पलीकडची उघाडी गाळाने बसलेली होती. त्या गावातल्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते. कोणी विचारले नाही. खारे पाणी आतच राहिले आणि भाताची लावणी जागच्या जागी जळून गेली. खांड उघडी राहिली असती, तर निम्मे पाणी आल्या वाटेने परत गेले असते.

आजही त्या गावात बाईंच्या गावची वरात गेली, की मांडवात कोणीतरी म्हणतेच, "आले रे आले, पाणी कोंडणारे आले."

"आणि ती मूल घेऊन आलेली बाई?" मी विचारले.

"दुसऱ्या दिवशी वडील तिच्या दारात गेले, चुकलं म्हणाले. तिने पाट टाकला, पाणी दिलं. म्हणाली, 'दादा, तुमी आलाव त्याचं काय नाय. गेलाव त्याचं हाय.'"

त्यानंतर बाईंच्या गावाने स्वतःपुरता एक नियम केला. दुसऱ्याच्या बांधावर जायचे तर त्यांच्यातला एक माणूस पुढे घालून जायचे, आणि खांड बुजवली तरी पुढचे उधाण त्या बांधावर उभे राहून पाहिल्याशिवाय घरी यायचे नाही. बाईंचे दोन्ही प्रश्न, पहिला आणि दुसरा, त्या बांधावरून आलेले आहेत हे मला त्या दिवशी कळले.

आमचा वाद मात्र त्या हकीकतीने मिटला नाही, उलट नेमका झाला. बाईंचा निष्कर्ष: जावेच, पण वाटाड्या घेऊन जावे आणि उधाण पाहून परतावे. माझा निष्कर्ष: उघाडीची अवस्था माहीत नसेल तर दुसऱ्याच्या खांडीला हात लावू नये, आणि मधल्या बळाच्या देशाला पुढचे उधाण येईपर्यंत थांबायचे बळ नसते, म्हणून त्याने पुढे होऊ नये. एकच हकीकत आम्ही दोघी इतकी वर्षे एकमेकींना पुराव्यासारखी दाखवत आलो आहोत.

बाई हा नियम घरगुती बाबतीतही पाळतात. मला रोह्यात दुसरी खोली शोधावी लागली, तेव्हा एका घरमालकीणबाईंनी स्पष्ट सांगितले, की एकटी मुलगी, त्यात रात्रीची शिफ्ट, आम्हाला नको. मी बाईंना फोनवर हे सहज सांगितले. संध्याकाळच्या गाडीने बाई पेणहून हजर झाल्या. घरमालकीणबाईंकडे बसल्या, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, त्यांच्या हातच्या वालाच्या बिरड्याची मागून चव घेतली आणि शिफ्टचा विषय त्यांनाच काढू दिला. खोली मिळाली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "बाई, हा हस्तक्षेप झाला."

"तू दारात आली होतीस. आणि आत एक सून होती, ती आपल्या बाजूची होती. वाटाड्या मिळाला, म्हणून जमलं."

पुढे काही आठवडे त्या काही ना काही निमित्त काढून त्या घरी येत राहिल्या. एकदा आलेच होते म्हणून, एकदा लोणचे द्यायला म्हणून. मालकीणबाईंचे आणि माझे सरळ बोलणे सुरू झाल्याचे दिसल्यावर यायच्या थांबल्या. आभार मानणे मला नीट जमत नाही. ते इथे लिहून ठेवते.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला मी तयार झाले, त्याकडे येते.

बाईंच्या कन्या डॉ. अनघा सैन्यात सर्जन आहेत. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या शांतिसेनेच्या रुग्णालयासाठी त्यांची निवड झाली. देशाचे नाव मी लिहीत नाही. त्यांच्या नोकरीच्या नियमांत ते बसत नाही. शांतता राखणे आणि सैन्य घेऊन शिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत आहे. पण तिथली शांतिसेना तेव्हा फक्त छावणी राखून होती. तिने शहरात शिरून अडकलेल्या लोकांना बाहेर काढावे आणि त्यात मधल्या देशांपैकी कोणीतरी पुढे व्हावे, अशी चर्चा वर्तमानपत्रांत चालू होती. आणि आमच्या मंडळात त्या महिन्याला ठरलेला विषय नेमका हाच होता. विषय ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. अनघाताईंची बातमी कळली तेव्हा मी बाईंना फोन केला आणि विषय बदलू, खाडीच्या बांधांचा घेऊ, असे सुचवले.

बाई म्हणाल्या, "बदललास तर त्याचा अर्थ एवढाच, की इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांबद्दल बोलत होते. विषय तोच राहील."

सभा पेणला होती. अनघाताई रजेवर आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या. चर्चा नेहमीपेक्षा मंद झाली. लोक बाईंकडे पाहून शब्द गिळत होते. मताची वेळ आली. बाई उभ्या राहिल्या.

"माझं मत बदललेलं नाही. आपण पुढे व्हावं. पण इतकी वर्षं मी घरातलं नाव म्हणून माझं सांगत होते. ते नाव खरं नव्हतं. मला कोण नेणार आहे? ते मी मागे घेते. माझ्या घरातून अनघा जाते आहे."

महादूकाकांनी त्या दिवशी भाकऱ्यांचे नाव काढले नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून अनघाताई उठल्या आणि म्हणाल्या, "मला मत देता येईल का? माझा हात विरुद्ध बाजूला आहे."

बाईंनी वळून पाहिले. "बोल."

"मी जाणार आहे, ते माझं काम आहे आणि मी मागून घेतलंय. पण आपण पुढे होऊन शहरात शिरावं, हे मला पटत नाही. अशा रुग्णालयात किती रक्त असतं, जखमी उचलायला गाडी कोणाकडे मागावी लागते, हे मला माहीत आहे. अर्ध्या वाटेवर थांबलेली मदत मी पाहिली आहे, आई. टाके मलाच घालावे लागतात."

माझाच मुद्दा माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने कोणीतरी मांडत होते. मला त्याचा आनंद झाला नाही.

बाई आई म्हणून काही बोलतील असे वाटले. त्यांनी पद्धतीप्रमाणे दुसरा प्रश्न विचारला, दर सभासदाला विचारतात त्याच आवाजात. "विरुद्ध मत दिलंस. मग दारात उभ्या असलेल्याला काय सांगशील?"

"सांगणार काही नाही," अनघाताई म्हणाल्या. "दार उघडीन. म्हणून तर चाललेय."

महादूकाका म्हणाले, "मायलेकी दोघी दारच उघडताव. मंग भांडताव कशाला गो?"

तेव्हा कुठे लोक हसले. बाईही हसल्या. पण त्यांनी ते उत्तर सोडून दिले नाही. म्हणाल्या, "काका, दार उघडणं ही एकीची गोष्ट झाली. दाराबाहेर जाऊन आणणं ही देशाची. भांडण तेवढ्या अंतराचं आहे, आणि ते चालू राहील." आणि अनघाताईंचे मत विरुद्ध बाजूला धरा, असे त्यांनी मला सांगितले.

त्यानंतरच्या सभांत बाईंचे म्हणणे अधिक कडक झाले. पुढाकार घेणाऱ्या देशाने जाण्याआधी लोकसभेत उभे राहून किती काळ थांबणार ते सांगावे. तिथल्या लोकांपैकी कोण आपल्याबरोबर आहेत, ते सांगावे. आणि परत येण्याची घाई निवडणुकीसाठी करू नये. हे मान्य नसेल, तर बाई आता माझ्या बाजूने हात वर करतात. हे मान्य असेल तर मी कोणत्या बाजूने हात वर करीन, ते बाईंनी अजून मला विचारलेले नाही. विचारतील तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर असले पाहिजे, एवढे मला कळते.

या वर्षी बाईंच्या अमृतमहोत्सवाची तयारी सुरू झाली. अनघाताईंची मुदत संपत आली होती आणि समितीने त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर घातले होते. पत्रिकेचा मजकूर दाखवायला मी बाईंच्या घरी गेले होते, तेव्हा अनघाताईंचा फोन आला. बाईंना अलीकडे कमी ऐकू येते, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मी उठून बाहेर जाऊ लागले, तर बाईंनी हाताने बसायची खूण केली.

"आई, माझी मुदत संपली. मला निघता येतं. कार्यक्रमाला पोचते मी."

"तुझ्या जागी कोण आलं?"

"येणार आहे. जरा उशीर होतोय. तोवर इथे एक डॉक्टर आहे."

"सर्जन?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला काय वाटतं?"

"माझं मत तुला माहीत आहे. मी विरुद्ध हात वर केला होता."

"ते मत झालं, अनू. आता दारात कोण आहे?"

"बायका आहेत. दोघी आज-उद्या बाळंत होतील. एकीचं अवघड आहे."

"मग उधाण बघून ये," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, "चहा टाक गो. साखर घाल आज." बाई चहात साखर घेत नाहीत, आणि मला कधी 'गो' म्हणत नाहीत, तो शब्द त्यांच्या माहेरचा. मी चहा केला. साखर घातली. मग मला राहवले नाही, म्हणून विचारले, "बाई, हे चूक ठरलं तर?"

"ठरेल कदाचित. म्हणून तर कोणीतरी रोज विचारत राहायला हवं. ते काम तुझ्याकडे आहे, ते सोडू नकोस."

समितीने कार्यक्रमाची तारीख पुढे नेऊ, असे सुचवले. बाईंनी नाही म्हटले. मग कोणीतरी म्हणाले, की पहिल्या रांगेत अनघाताईंच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवू. त्यावर बाई म्हणाल्या, "रिकामी खुर्ची दाखवून लोकांना रडवायचं नाही. तिथे महादूकाकांना बसवा. त्यांना मागून ऐकू येत नाही, आणि नको तिथे टाळ्या वाजवतात." तसेच ठरले आहे. निमंत्रणपत्रिकेवरून नाव काढले, आणि ते काढण्याचे काम बाईंनी स्वतः केले.

हा लेख छपाईला जात असताना डॉ. अनघा तिथेच आहेत. त्या दोन्ही बायका सुखरूप बाळंत झाल्या, एवढे बाईंकडून कळले. अनघाताईंच्या जागी येणारे डॉक्टर अजून पोचलेले नाहीत. मध्यम बळाच्या देशांनी सैन्य घेऊन पुढे व्हावे का, या प्रश्नावर माझा हात आजही विरुद्ध बाजूला आहे. बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे आजही पुरे पडेल असे उत्तर नाही. ते मी शोधते आहे, आणि मिळाले नाही तर तसे सांगेन. हेही त्यांच्याकडूनच शिकले.

बाईंना उदंड आयुष्य मिळो, कान आणि गुडघे शाबूत राहोत, आणि चहातली साखर त्या एका दिवसापुरतीच राहो. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आमची खांड अजून बुजलेली नाही, बाई. आणि तुमच्याच गावच्या नियमाप्रमाणे, उधाण पाहिल्याशिवाय कोणी घरी जायचे नसते.